चेहरा वेगळा असलेल्या मुलांसाठी प्रश्नावली निवडताना

दुभंगलेला ओठ, भाजल्याचे व्रण, गालभर पसरलेला लाल डाग. अशा मुलांचं जगणं कसं चाललंय हे आकड्यात मांडायचं असलं की कुणीतरी विचारतंच, 'कोणती प्रश्नावली घेऊ?' कधी प्रबंधाच्या घाईतला रेसिडेंट डॉक्टर असतो, कधी मुंबईतली एखादी छोटी संस्था. फिरून फिरून तीनच नावं समोर येतात: पेड्सक्यूएल, वायक्यूओएल-एफडी आणि क्लेफ्ट-क्यू.

पेड्सक्यूएल सगळ्यांच्या ओळखीची, कुठल्याही आजाराच्या मुलांना चालणारी. २३ प्रश्न, शरीर, भावना, मित्रमंडळी, शाळा असे चार भाग. मूल पाचव्या वर्षापासून स्वतः उत्तरं देऊ शकतं, आईवडिलांसाठी वेगळी प्रत असते. दमा किंवा मधुमेहाच्या मुलांशी तुलना करायची असेल तर हीच घ्यावी लागते. अडचण अशी की त्यातले ८ प्रश्न अंगातल्या ताकदीचे आहेत: धावता येतं का, जड उचलता येतं का, आंघोळ स्वतः करता येते का. ओठ दुभंगलेला मुलगा चाळीचे तीन जिने दोन दमांत चढतो. तिथे पैकीच्या पैकी, आणि एकूण आकडा कसा गुटगुटीत! (मूळ इंग्रजीत 'एक ब्लॉक चालणं' असा प्रश्न आहे. डोंबिवलीहून आलेल्या आईला ब्लॉक म्हणजे राहतं घर, नाहीतर रविवारचा मेगाब्लॉक.)

चिडवण्याबद्दल पेड्सक्यूएलमध्ये एक प्रश्न आहे. तेरा वर्षांच्या एका मुलाने त्यावर 'कधीच नाही'ची खूण केली होती. आई शेजारीच बसलेली. ती केसपेपर आणायला गेल्यावर मी सहज विचारलं, "खरंच कुणी चिडवत नाही?"

"नाही. मी शाळेत मास्क काढतच नाही."

"आणि डबा?"

"घरी आल्यावर खातो."

मास्कची सक्ती उठून तेव्हा बरेच महिने झाले होते. उत्तर खोटं नव्हतंच, प्रश्न अपुरा होता.

अशा ठिकाणी वायक्यूओएल-एफडी कामाला येते. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने ११ ते १८ वयासाठी केलेली, ३० प्रश्नांची. लोकांच्या नजरा, चेहऱ्यामुळे झालेलं नुकसान, स्वतःबद्दलचं वाईट मत आणि सगळ्याला तोंड देण्याच्या युक्त्या असे भाग आहेत. शिवाय चेहऱ्यामुळे काही चांगलं घडलं का, हाही एक भाग. पहिल्यांदा मला तो जरा आगाऊ वाटला होता. पण मुलं त्यावर भरभरून बोलतात. भाजलेली मुलगी आणि दुभंगलेल्या टाळूचा मुलगा एकाच यादीत बसतात, ही मोठी सोय. उणीव वयाची. नऊ वर्षांचं मूल बाहेर राहतं, आणि अठरानंतर, जबड्याच्या ऑपरेशनच्या सुमाराला, माप हातातून सुटतं.

क्लेफ्ट-क्यू ८ ते २९ वयासाठी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत १२ देश होते, त्यांत भारतही. नाक, नाकपुड्या, ओठ, दात, जबडा, व्रण यांची वेगवेगळी मापं. बोलणं, शाळा, मित्र, मन यांचीही. हवं तेवढंच माप उचलता येतं. हिरडीत हाड भरण्याच्या ऑपरेशनआधी आणि नंतर काय फरक पडला, हे सर्जनला दाखवायला याहून चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र ती फक्त दुभंगलेल्या ओठ-टाळूसाठी. इतर चेहऱ्यांसाठी तिचंच भावंड आहे, फेस-क्यूचा क्रेनिओफेशियल संच.

म्हणून ऑपरेशनचा परिणाम बघायचा असेल तर क्लेफ्ट-क्यू घ्या. समुपदेशनासाठी वेगवेगळ्या चेहऱ्यांची किशोरवयीन मुलं एकत्र आणणार असाल तर वायक्यूओएल-एफडी. पेड्सक्यूएल सोबत चालेल, एकटी नको. तिन्हींचे गुण ० ते १०० असले तरी प्रत्येकीचं माप वेगळं, म्हणून इथले ६० आणि तिथले ६० एकाच तक्त्यात शेजारी मांडू नका.

मराठी प्रत तयार नसेल तर तेही काम उरतं. प्रश्नावली करणाऱ्यांकडे परवानगी मागा, दोघांकडून स्वतंत्र भाषांतर करून घ्या, ते तिसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून ताडा. मग पाच-सहा मुलांना मोठ्याने वाचायला लावा. मुलं 'न्यूनगंड' म्हणत नाहीत, 'कसंतरी होतं' म्हणतात. 'कलंक' तर छापूच नका. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, हे जिने सासरी ऐकलंय त्या आईच्याच कपाळी तो शब्द जाऊन बसतो.

लहान मुलाला प्रश्न वाचून दाखवायचे असतील तर वाचणारा माणूस म्हणजे ज्याने ऑपरेशन केलं तोच डॉक्टर नसावा. डॉक्टरकाकांना वाईट वाटेल म्हणून मुलं 'नाक छान झालंय' असं सांगून मोकळी होतात.