एक्सएम४ की एक्सएम५: नवा हेडफोन खरंच ‘हलका माल’ आहे का?

वस्तू हातात तोलून बघायची आणि ‘हलका माल आहे’ म्हणून बाजूला ठेवायची, ही आपली जुनी सवय. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ दुकानात हातात घेतला की नेमकं हेच तोंडून निघतं. आधीचा एक्सएम४ (२०२०) दणकट वाटतो आणि हा २०२२चा नवा मात्र पोकळ.

आता वजनं बघा. एक्सएम४ २५४ ग्रॅम, एक्सएम५ २५० ग्रॅम. फरक चार ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा. तो हाताला कळणंही कठीण. हाताला कळतात ते सांधे. एक्सएम४ची पट्टी कट-कट करत खालीवर सरकते, कप आत दुमडतात. एक्सएम५ची बारीक दांडी आवाज न करता सरकते, बाहेरून सगळं गुळगुळीत. कट-कट ऐकू आली की आपल्याला मजबुती वाटते, एवढंच.

दुसरी शंका ड्रायव्हरची, म्हणजे कपात बसवलेल्या, थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याची. तो ४० मिलिमीटरवरून ३०वर आला, म्हणजे इथे काटकसर केली असं वाटणं साहजिक आहे, पण मला ते पटत नाही. मोठा पडदा बारीक, उंच सुरांना सगळीकडे एकसारखा हलत नाही. लहान पडदा ताठ ठेवणं सोपं जातं. एक्सएम५मध्ये त्याच्या घुमटाला कार्बन फायबरचं मिश्रण वापरलंय. खर्जासाठी पडदा मोठा हवा हे खोलीतल्या स्पीकरला लागू पडतं. कानावर घट्ट बसलेल्या बंद कपात हलवायची हवा मूठभरच असते. तबला ऐकताना मला एक्सएम४मध्ये बायाँ (डग्गा) जास्त घुमतो, एक्सएम५मध्ये चाटीवरचा (काठावरचा) आघात जास्त मोकळा वाटतो. ही आवड झाली, दर्जा नव्हे. शिवाय बाहेरचा गोंगाट मारण्यासाठी चारऐवजी आठ माइक दिलेत. म्हणजे तिथे तर खर्च वाढलाच आहे.

खरी तपासणी बिजागरीपाशी. एक्सएम४ दुमडतो, त्यामुळे त्याला सांधे जास्त, पण पीळ बसला की तो त्या सांध्यांत विभागला जातो. एक्सएम५ दुमडतच नाही. कप फक्त सपाट फिरतात आणि एका हाताने ओढून काढला की सगळा जोर दांडी कपात शिरते त्या जागी येतो. तिथेच तडा गेल्याच्या तक्रारी बऱ्याच जणांनी केल्या आहेत. २०२५च्या एक्सएम६मध्ये दुमडणं परत आलं, तेही धातूच्या बिजागरीसह. यावरून काय समजायचं ते समजा.

म्हणून रोज लोकलच्या गर्दीत हेडफोन बॅगेत कोंबणार असाल तर एक्सएम४ घ्या. त्याची पेटीही आटोपशीर आहे. घरी टेबलावर बसून कॉल आणि गाणी एवढंच असेल, तर एक्सएम५ बिनधास्त घ्या, फक्त काढताना दोन्ही हात वापरा.

एक्सएम४ वापरलेला मिळत असेल तर पॅडच्या शिवणीवरून नख फिरवा. कातड्यासारखा थर सुटत असेल तर भाव पाडून मागा. पॅड खाचांत बसवलेले असतात, ते बदलता येतात. मग पूर्ण चार्ज करून एक दिवस चालवून बघायला मागा. नवा असताना गोंगाटरोधक चालू ठेवून तो ३० तास चालतो. त्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी थकली आहे, आणि ती पॅडइतकी सहज बदलता येत नाही.