कडवळ कापायच्या आधी नायट्रेटची पट्टी: मोहोळकडचा अनुभव

मागच्या उन्हाळ्यात आमची एक कालवड गेली. पाण्यावाचून कडवळाची (चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारीची) पानं गुंडाळली होती, मग वळीव झाला, दोन दिवसात हिरवंगार दिसायला लागलं म्हणून कापून घातलं आणि संध्याकाळी धापा टाकत खाली बसली ती उठलीच नाही. आम्ही किराळच (कोवळ्या ज्वारीतलं सायनाइडचं विष) समजत होतो, पण डॉक्टरांनी चॉकलेटी पडलेलं रक्त बघून चाऱ्यातल्या नायट्रेटची विषबाधा सांगितली.

तेव्हापासून पाण्यातलं नायट्रेट बघायच्या कागदी पट्ट्या वापरतोय, सोलापुरात लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातून आणतो. बुडखा तिरका कापायचा, पकडीनं दाबून रस काढायचा, पट्टी भिजवून मिनिटभर थांबायचं. गडद गुलाबी-जांभळी झाली की विळा ठेवून द्यायचा. शेंड्याचा रस बघू नका, नायट्रेट बुडात साठतं, पानात कमी असतं. म्हणून मी आता वीतभर बुडखा रानातच सोडतो. यंदा वळवानंतर तिसऱ्या दिवशी पट्टी जांभळी, आठव्या दिवशी फिक्कट, तेवढे दिवस कडब्यावर काढले. युरिया जास्त पडलेल्या वाफ्यात मात्र आठव्या दिवशीपण गडदच होती!

आता कमी काय ते. डबीवरचा रंगतक्ता पाण्यासाठीचा आहे, त्यातला आकडा चाऱ्याला लागू होत नाही, नुसता अंदाज येतो. खात्रीसाठी नमुना लॅबलाच द्या, आणि रिपोर्ट नायट्रेटचा आहे का नायट्रेट-नायट्रोजनचा (म्हणजे नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचा) ते आधी विचारा कारण दोन्हीत जवळजवळ 4.4 पट फरक पडतो. वाळल्या वजनावर नायट्रेट-नायट्रोजन 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागात 1000 भाग) आत असेल तर साधारण सुरक्षित धरतात.

दुसरं म्हणजे या पट्टीवर किराळ कळत नाही. पट्टी पांढरी आली म्हणून गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी घालायची नाही म्हणजे नाही. बाजरीला किराळ नसते पण नायट्रेट तिच्यातही साठतं, हे आमच्याकडं बऱ्याच जणांना माहीतच नाही. आणि उन्हात वाळवून किराळ कमी होते तसं नायट्रेटचं होत नाही, ते वाळल्या वैरणीतही तसंच राहतं, मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) मात्र बरंच उतरतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण माहिती सगळी इंग्रजीत आहे, आणि झाकण जरा सैल राहिलं तर दमट हवेनं पट्ट्या खराब होतात, माझी अर्धी डबी तशीच गेली.