वॉलबॉक्स, पोर्टेबल केबल आणि घरातले बाकीचे डबे : रिकामपणी कोण किती वीज खातं?

इलेक्ट्रिक गाडी बुक झाली की इंदूरच्या मराठी घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. चार्जर कोणता बसवायचा, आणि भिंतीवर चोवीस तास दिवा लावून बसलेला तो डबा, म्हणजे वॉलबॉक्स, बिल किती वाढवणार? दुसऱ्या प्रश्नाच्या धास्तीने पहिल्याचा निर्णय चुकताना दिसतो, म्हणून दुसरा आधी घेऊ.

हिशेब सोपा आहे. १ वॉट सतत चालू राहिला तर ३० दिवसांत ०.७२ युनिट होतात. वरच्या स्लॅबचा दर, ड्युटी आणि फिक्स चार्ज मिळून युनिटला ८ रुपये धरले आहेत; तुमच्या बिलाप्रमाणे आकडा बदलून घ्या.

| चार्जर | गाडी लावलेली नसताना | महिन्याला युनिट | रुपये |
|---|---|---|---|
| पोर्टेबल केबल, ३.३ किलोवॉट, १५ अँपियरच्या सॉकेटवर | १ ते ३ वॉट | ०.७ ते २.२ | ६ ते १७ |
| साधा वॉलबॉक्स, ७.२ किलोवॉट, फक्त दिवे | २ ते ४ वॉट | १.४ ते २.९ | १२ ते २३ |
| स्मार्ट वॉलबॉक्स, वायफाय किंवा सिम, स्क्रीन | ५ ते १० वॉट | ३.६ ते ७.२ | २९ ते ५८ |

हे साधारण पट्टे आहेत; मॉडेलप्रमाणे थोडं इकडे तिकडे होतं. पोर्टेबल केबल काढून डिकीत ठेवली तर तिचा खर्च शून्य.

रिकाम्या वॉलबॉक्समध्ये वीज जाते ती आतल्या छोट्या पॉवर सप्लायला, कंट्रोल बोर्डाला, वायफायच्या रेडिओला आणि स्क्रीनच्या उजेडाला. मोठा कॉन्टॅक्टर (लाइन जोडणारा-तोडणारा स्विच) तेव्हा उघडाच असतो, गनपर्यंत (गाडीत लावायच्या प्लगपर्यंत) २३० व्होल्ट पोचलेलेच नसतात. बॉक्स फक्त कंट्रोल पायलटच्या, म्हणजे बॉक्स आणि गाडीत इशारे नेणाऱ्या, तारेवर १२ व्होल्टचा इशारा धरून ठेवतो. गन गाडीत घातली की तो ९ वर येतो, गाडीने चार्जिंग मागितलं की ६ वर, आणि तेव्हा कुठे खट् आवाज होऊन लाइन जोडली जाते. म्हणून दोन बॉक्सची तुलना करताना किलोवॉटचा आकडा बघून उपयोग नाही. स्क्रीन, वायफाय आणि सिम आहे का ते बघा. स्क्रीनचा उजेड सेटिंगमधून बंद होत असेल तर पहिल्याच दिवशी करून टाका.

खरी गळती चार्जिंग चालू असताना

गाडी चार्ज होत असते तेव्हा तिचे कॉम्प्युटर, बॅटरीची देखरेख, कूलंटचा पंप आणि १२ व्होल्टची व्यवस्था जागी असते. यात २०० ते ३०० वॉट सहज जातात, आणि चार्जिंगचा वेग कमी असला म्हणून ते कमी होत नाहीत. महिन्याला १००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला भिंतीतून साधारण १५० युनिट लागतात असं धरा. ३.३ किलोवॉटने ते भरायला ४५ तास, ७.२ ने २१ तास. फरक २४ तासांचा, म्हणजे गाडी नुसती जागी ठेवण्यात ५ ते ७ युनिट जास्त. स्मार्ट वॉलबॉक्स महिनाभर रिकामा बसून जेवढं खाईल तेवढंच हे झालं. स्टँडबाय, म्हणजे रिकामपणीचा खर्च, वाचवायला पोर्टेबलवर थांबलेला माणूस ते युनिट दुसऱ्या दाराने देऊन टाकतो.

अट एवढीच, की गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे भिंतीची वीज बॅटरीत भरणारा भाग, ७.२ किलोवॉटचा हवा. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर कितीही मोठा बॉक्स लावा, गाडी ३.३ नेच घेणार. बुकिंगच्या आधी व्हेरियंटच्या कागदावर हा आकडा वाचा.

केबलचंही तसंच. मल्टीत (बहुमजली इमारतीत) राहणाऱ्यांचं मीटर जिन्याखाली आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला असतं. २० मीटर अंतरावर ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली तर ३२ अँपियरला तिच्यात सुमारे १२५ वॉट तापण्यात जातात, १० स्क्वेअर एमएम टाकली तर ७५. वरच्या हिशेबात महिन्याला एक युनिटचा फरक, म्हणजे बचत फारशी नाही. पण केबल थंड राहते आणि टोकाला व्होल्टेज पडत नाही. अंतर १५-२० मीटरच्या पुढे गेलं तर १० चीच टाका. ४ स्क्वेअर एमएमवर ३२ अँपियर कोणी सुचवला तर दुसरा इलेक्ट्रिशियन बघा.

पोर्टेबल वापरायची ठरली तरी रामबागेतल्या जुन्या घराच्या वायरिंगवर ती तशीच लावू नका. १४-१५ अँपियर सलग आठ-नऊ तास ओढले की जुन्या सॉकेटच्या पत्त्या सैल पडतात, तापतात, आणि प्लगची पिन काळी पडते. तिला स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची लाइन, २० अँपियरचा एमसीबी, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग आणि शक्यतो इंडस्ट्रियल सॉकेट द्या. अर्धा तास चार्जिंग झाल्यावर प्लगला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तिथेच थांबवा.

रोज एमसीबी पाडावा का?

पाडलात तर साध्या बॉक्सवर महिन्याला वीसेक रुपये वाचतील. एमसीबी लगेच खराब होत नाही, मानकाच्या चाचणीत त्याला ४००० वेळा चालू-बंद करून बघतात. पण चार्जिंग चालू असताना पाडणं वाईट, आत ठिणगी पडून कॉन्टॅक्ट झिजतात. क्रम असा ठेवा: गाडीतून चार्जिंग थांबवा, गन काढा, मग एमसीबी. स्मार्ट बॉक्सची वीज रोज तोडली तर रात्रीचे अपडेट राहून जातात, आणि काही मॉडेलांत वेळापत्रकही पुसलं जातं. आमचं मत असं की आठ-पंधरा दिवस गावाला जाताना आणि आषाढात विजा कडकडत असताना पाडा, एरवी नको. गाडी भरल्यावर गन मात्र काढून ठेवा. गन लागलेली असली की काही गाड्या अधूनमधून जाग्या होतात, आणि तेव्हाचा खर्च बॉक्सच्या स्टँडबायपेक्षा बराच जास्त असतो.

घरातल्या घरात मोजायचं कसं

क्लॅम्प मीटरने मोजू नका. रिकाम्या इलेक्ट्रॉनिक्सचा पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटपैकी खऱ्या वीजखर्चाचा वाटा, फार कमी असतो. क्लॅम्पवरच्या करंटला २३० ने गुणलं तर ३ वॉटचा बॉक्स १५-२० वॉटचा दिसतो, आणि माणूस उगाच घाबरतो. पोर्टेबल केबलसाठी १६ अँपियरचा प्लगमधला वॉटमीटर चालतो. पक्क्या वायरिंगच्या बॉक्सला मात्र घरचं मीटरच कामी येतं.

मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक तो आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. नुसत्या चार्जरवर मोजायला गेलात तर फसाल. अगदी छोटा भार नोंदवण्याची मीटरला सक्ती नसते. काही वॉटचा नुसता चार्जर त्या मर्यादेखाली जाऊ शकतो. म्हणून सोबत ठरावीक भार द्या. डीबीतले (एमसीबीच्या पेटीतले), बल्बच्या लाइनचा सोडून, चार्जरसकट सगळे एमसीबी पाडा, इन्व्हर्टरचं इनपुटही बंद करा. १२ वॉटचे दोन एलईडी बल्ब थेट लाइनच्या पॉइंटवर लावा. इन्व्हर्टरच्या लाइनवर नकोत, नाहीतर ते बॅटरीवर जळत राहतील आणि मीटरला पत्ताच लागणार नाही. आता १० लुकलुकींना लागणारा वेळ मोजा. ३२०० च्या मीटरवर २४ वॉटला ४६९ सेकंद लागतात. मग चार्जरचा एमसीबी चढवून पुन्हा मोजा. ४०२ सेकंद आले तर चार्जर ४ वॉटचा, ३५२ आले तर ८ चा. सूत्र हवं असेल तर: ३६ लाख गुणिले लुकलुकींची संख्या, भागिले मीटरचा आकडा, भागिले सेकंद.

चार्जरशेजारी बाकीचं घर

सेटटॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी ८-१० वॉट घेत राहतो, म्हणजे महागड्या स्मार्ट वॉलबॉक्सएवढाच. फरक असा की त्याचा स्विच हाताशी आहे आणि रात्री तो बंद केल्याने कोणाचं काही अडत नाही. नवा टीव्ही अर्ध्या वॉटच्या आसपास राहतो, पण क्विक स्टार्ट चालू ठेवलं तर तोच १० च्या वर जातो. राउटर ६ ते १० वॉट, तो असू द्या. मायक्रोवेव्हचं घड्याळ दोनेक वॉट. मोबाइलचा रिकामा चार्जर, ज्याच्यावरून घराघरांत सगळ्यात जास्त बोलणी बसतात, तो पाव वॉटही घेत नाही.

एसी आणि त्याचा स्टॅबिलायझर मिळून १० वॉट धरा. इंदुरात एसी लागतो एप्रिल ते जून. बाकीचे नऊ महिने एमसीबी पाडला तर एका एसीमागे ६५ युनिट, पाचशे रुपयांच्या वर वाचतात. उन्हाळ्यात पहिल्यांदा सुरू करताना काही तास आधी एमसीबी चढवा, म्हणजे कॉम्प्रेसरचा हीटर असेल तर तेल गरम होईल.

सगळ्यात मोठा खादाड घरचा इन्व्हर्टर. बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही २० ते ४० वॉट, म्हणजे महिन्याला १४ ते २९ युनिट. तो बंद करून ठेवू नका, बॅटरी सल्फेट धरेल. पण बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल, कायम कोमट लागत असेल आणि दर महिन्याला पाणी मागत असेल, तर ती भरलेल्या अवस्थेतही जादा करंट ओढते आहे. अशी बॅटरी बदलल्याने वाचणारी वीज कोणत्याही चार्जरच्या स्टँडबायपेक्षा जास्त भरते.

गाडी नाही, नुसती इलेक्ट्रिक स्कूटर आहे, अशा घरांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा खप १५० युनिटच्या आत असेल तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. १५५-१६० वर अडकलेलं घर सेटटॉप बॉक्स आणि एसीचा एमसीबी बंद करून आत येऊ शकतं.

कोणी काय घ्यावं

गाडी रोज ३०-४० किलोमीटर चालते आणि ऑनबोर्ड चार्जर ३.३ चा आहे: पोर्टेबल केबल आणि तिला चांगली स्वतंत्र लाइन, बस. ऑनबोर्ड ७.२ चा असेल तर साधा वॉलबॉक्स, ४० अँपियरचा एमसीबी, आणि आरसीसीबी टाइप ए. बॉक्समध्ये ६ मिलीअँपियरचं डीसी संरक्षण (डीसी गळती ओळखून थांबवणारं) नसेल तर टाइप बी. त्याआधी वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्या.

स्मार्ट बॉक्सचे जास्तीचे २०-३० रुपये तेव्हाच वसूल होतात, जेव्हा त्याचं वेळापत्रक खरंच वापराल. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर २० टक्के सूट आहे. तुमच्या बिलात ती ओळ दिसते का बघा. गाडी दिवसा घरी असते अशा निवृत्त जोडप्याला १५० युनिटवर महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास फायदा होऊ शकतो. पण गाडीच्या स्वतःच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये टायमर असेल तर तेच काम साधा बॉक्सही करतो. एक काळजी घ्या: दोन्हीकडे वेगवेगळी वेळ लावली तर बॉक्स गाडीची वाट बघतो, गाडी बॉक्सची, आणि सकाळी बॅटरी होती तेवढीच निघते. टायमर एकाच जागी ठेवा, शक्यतो गाडीत.