वेग-वेळ-अंतराची वही: धुळे रस्त्यावर पक्की, फलाटावर घसरलेली

पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेच्या पोरांमध्ये जळगावात हातोहात फिरणारी ही स्पायरल वही. विषय एकच: वेग, वेळ, अंतर. शॉर्ट ट्रिकला इथे थारा नाही. आधी तीन रकान्यांचा तक्ता, मग क्ष धरून समीकरण.

सगळ्यात जमलंय ते जळगाव-धुळे प्रकरण. अंतर ९० किमी धरून तेच वेगवेगळ्या बाजूंनी विचारलंय. 'बस ताशी ३६ने गेली तर १० मिनिटं उशीर, ४५ने गेली तर २० मिनिटं लवकर, अंतर किती?' पोरं २०तून १० वजा करतात आणि ३० किमीवर खूण करून मोकळी होतात. एक उशीर, एक लवकर, म्हणून इथे बेरीज: ३० मिनिटं, म्हणजे अर्धा तास. क्ष/३६ − क्ष/४५ = १/२. छेद १८० केला की क्ष/१८० = १/२, क्ष = ९०. मिनिटांचे तास करायचे राहिले तर उत्तर ५४०० येतं. जळगावहून कन्याकुमारीही एवढी लांब नाही!

पुढचं उदाहरण त्याहून सरस. ताशी वेग ९ किमीने वाढवला तर याच ९० किमीला अर्धा तास वाचतो. मूळ वेग किती? ९०/क्ष − ९०/(क्ष+९) = १/२, त्यातून क्ष² + ९क्ष − १६२० = ०. क्ष = ३६ किंवा −४५; ऋण किंमत सोडायची. पर्यायांत ४५ मुद्दाम ठेवलाय. तो वाढवलेला वेग, आणि घाईत तोच टिपला जातो.

तापीतल्या होड्या दोन पानांत उरकल्यात. चालेल.

रेल्वेत मात्र उत्तरसूची चुकलीये. गाडी २४० मीटर, वेग ताशी ५४ किमी, फलाट २१० मीटर. सूचीत उत्तर १४ सेकंद. ५४ × ५/१८ = सेकंदाला १५ मीटर, इथवर बरोबर. पण फलाट ओलांडला म्हणजे शेवटचा डबाही बाहेर पडला. म्हणून ४५० ÷ १५ = ३० सेकंद. १४ सेकंदांत नुसतं इंजिनाचं तोंड पार होतं. शेजारी भुसावळसारखं जंक्शन असून ही चूक सुटावी!

कागद पातळ, मागची शाई पुढे दिसते. तक्त्यांसाठी वेगळी वही लागेल. लसावि कच्चा असेल तर आधी अपूर्णांक घोटून घ्या, नाहीतर पहिल्याच प्रकरणात अडकाल. रेल्वेची उदाहरणं सूची झाकून सोडवा.