निशाखड्यासाठी चमकणारी पावडर : उन्हाळा, पावसाळा आणि थंडीत वापरून झाल्यावर

आमच्या टेबलावरच्या भूमिकाखेळातलं (प्रत्येक जण एकेक पात्र होऊन खेळतो तो खेळ) जग पूर्ण काल्पनिक आहे, आणि त्या जगात निशाखड्याइतकं दुर्मीळ दुसरं काही नाही. दिवसा फिकट, मळकट दगड. उजेड पितो आणि अंधारात परत देतो. असा खडा खेळाडूच्या हातात ठेवायचा तर तो खरोखर चमकायलाच हवा, नुसत्या वर्णनावर भागत नाही. त्यासाठी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पावडर एपॉक्सी रेझिनमध्ये (दोन भाग मिसळले की काही वेळाने कडक होणारा पातळ, पारदर्शक पदार्थ) घालून ओतलेले खडे नागपुरात मे महिन्यापासून थंडीपर्यंत वापरात आहेत. निकाल आधीच सांगतो : पावडर अप्रतिम आहे, जरूर घ्या. मात्र खडा किती उजळतो हे पावडर किती घातली यापेक्षा ती खड्यात कुठे बसली यावर ठरतं.

बाजारात जुन्या धर्तीची झिंक सल्फाइडची पावडरही मिळते. ती स्वस्त, पण अर्ध्या-पाऊण तासात मंदावते. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पावडर १९९० च्या दशकात जपानमधून पुढे आली. तिच्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम अगदी थोड्या प्रमाणात असतात. डोळे अंधाराला सरावलेले असतील तर तिचा खडा पहाटेपर्यंत ओळखू येतो. अर्थात पहिली दहा मिनिटं प्रखर आणि मग झपाट्याने उतार, हे तिच्या स्वभावातच आहे, त्यामुळे खेळातला महत्त्वाचा प्रसंग दिवे घालवल्यावर लगेच घ्यावा. हातात घेणारा हमखास विचारतो, ‘रेडियम आहे का?’ नाही. यात किरणोत्सारी काही नाही, फक्त साठवलेला उजेड आहे.

रंगात हिरवी (उजेडाची तरंगलांबी साधारण ५२० नॅनोमीटर) सर्वांत तेजस्वी आणि स्वस्त. निळसर-हिरवी (४९० च्या आसपास) मोजमापात थोडी कमी भरेल, पण अंधारात आपला डोळा ५०० च्या आसपासच सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून दिसायला ती जवळपास बरोबरीची वाटते. खनिज म्हणून ती जास्त पटते आणि हिरव्यासारखी खेळण्यातली वाटत नाही. माझी पसंती तिलाच. लाल आणि गुलाबी पावडर या कामासाठी घेऊ नका. ती लवकर विझते, आणि अंधारात डोळ्याला लाल दिसतही नाही.

घेताना एकच प्रश्न विचारायचा : कणांवर पाणी अडवणारा लेप दिलेली आहे का? बिनलेपाच्या पावडरीचं पाण्याशी वैर आहे. ओलावा लागला की कण फुटून पांढरा भुगा उरतो आणि चमक कायमची जाते. चिमूटभर पावडर काचेच्या बाटलीत पाण्यात घालून दोन-तीन दिवस ठेवा. गुठळी होऊन चमक मेली तर ती बिनलेपाची. रेझिनमध्ये ती एक वेळ चालेल, पण पांढऱ्या गोंदात किंवा पाण्याच्या रंगात कधीच नाही. नागपूरच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली पुडीसुद्धा खराब होऊ शकते. घट्ट झाकणाची बरणी आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं.

आता मुख्य अडचण. पावडरीची घनता साडेतीनच्या वर, रेझिनची १.१ च्या आसपास. पातळ रेझिनमध्ये ओतलेली पावडर अर्ध्या तासात साच्याच्या तळाशी जाऊन बसते, मग एक बाजू झगझगीत आणि दुसरी मेलेली. कण जितके मोठे तितकी चमक जास्त, पण बसतातही तितक्याच वेगाने. त्यावर दोन उपाय आहेत. फायबर ग्लासचं सामान विकणाऱ्यांकडे घट्टपणासाठी सिलिकाची हलकी पावडर मिळते, ती रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के घालायची. नाहीतर रेझिन मधासारखं घट्ट होऊ लागेपर्यंत ढवळत राहायचं आणि मगच ओतायचं. ढवळायला लाकडी किंवा सिलिकॉनची काडी घ्या. कण इतके कडक असतात की स्टीलचा चमचा खरवडला जातो आणि सगळं मिश्रण करडं पडतं.

प्रमाण : १०० ग्रॅम मिसळलेल्या रेझिनला २० ते २५ ग्रॅम पावडर. मोजायला इतवारीत मिळतो तो सोनारांचा छोटा डिजिटल काटा उत्तम. त्याहून जास्त पावडर घालून फारसं हाती लागत नाही, कारण तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल ना नीट उजेड पोचतो ना आतला बाहेर येतो. म्हणूनच अख्खा खडा पावडरीचा ओतणं म्हणजे पैसे वाया घालवणं. माझ्या मते खरी रचना अशी : साइनबोर्डवाल्यांकडे पांढऱ्या ॲक्रिलिकचे तुकडे मिळतात, त्यातली बोटभर पट्टी वाकडीतिकडी तोडून घ्या आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर पावडरीचं रेझिन चढवा. एक बाजू घट्ट झाली की दुसरी. सिलिकॉनच्या साच्यात आधी तीन-चार मिलिमीटर स्वच्छ रेझिन ओता, ते बोटाला चिकटेल पण वाहणार नाही इतपत होऊ द्या, त्यावर पट्टी ठेवा आणि वरून पुन्हा स्वच्छ रेझिन भरा. मागचा पांढरा उजेड परत फेकतो, बाहेरचं पारदर्शक कवच खोली देतं, आणि खड्याच्या पोटात काहीतरी जागं असल्यासारखं दिसतं. बाहेरच्या थरात धुरकट छटा हवी तर अल्कोहोल इंकचा (अल्कोहोलमध्ये कालवलेली शाई) एखादा थेंब पुरे. अभ्रकाची चमकी नको, ती उजेड आत जाऊ देत नाही.

मे महिन्यात मात्र रेझिन वेगळंच वागतं. रेझिन घट्ट होण्याआधी कामाला मिळणारी, डब्यावर लिहिलेली ३० मिनिटं २५ अंशांची असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो, म्हणजे ४० अंशांच्या खोलीत हातात दहाएक मिनिटं. पेल्यात १५०-२०० ग्रॅम एकदम कालवलं तर ते आपल्याच उष्णतेने उकळतं, फेसाळतं, धूर सोडतं. एका वेळी ४०-५० ग्रॅम, तेही पसरट भांड्यात, आणि थर एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको. काम पहाटे उरकावं. कूलर लावलेल्या खोलीत तर ओतूच नका. कूलरची ओलसर हवा लागून एपॉक्सीवर पांढुरकी, तेलकट साय येते आणि पुढचा थर धरत नाही. आलीच तर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकवून मग घासा. घासणं नेहमी ओल्या पॉलिशपेपरने आणि एन-९५ मास्क लावून, कारण ही धूळ फुफ्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. स्वच्छ कवचाचा आणखी एक फायदा इथेच कळतो : घासताना पावडरीच्या कणांना धक्का लागत नाही, त्यामुळे त्यांचा लेप शाबूत राहतो.

उजेड भरायला ऊन सर्वांत सोपं, पाच-दहा मिनिटं बस. पण खडे गच्चीवर सोडून देऊ नका, उन्हाने एपॉक्सी पिवळं पडतं आणि पिवळा थर नेमका निळा उजेड अडवतो. सीताबर्डीवर मिळणारा ३९५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मिनिटभरात काम करतो. पांढरा एलईडी जवळून दहा मिनिटं धरला तरी चालतो, जुना पिवळा बल्ब जवळपास निरुपयोगी.

थंडीत एक गोष्ट लक्षात येते आणि ती या पावडरीतली सर्वांत सुंदर आहे. साठलेला उजेड उष्णतेने सुटतो. म्हणून उन्हाळ्यात खडा प्रखर चमकून लवकर उतरतो, आणि डिसेंबरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास गेला की मंद पण लांबपर्यंत तेवतो. याचा खेळात उपयोग होतो. कवच नसलेली दोन-तीन मिलिमीटरची चकती टॉर्चने भरून लगेच फ्रीजरमध्ये ठेवायची, तासाभराने अंधारात काढायची. ती निस्तेज दिसते. तिच्यावर बोटं टेकवून उचलली की जिथे बोटं होती तिथे उजळ ठसे उमटतात. आमच्या खेळात ‘निशाखडा हाताला ओळखतो’ हा नियम यावरूनच आला. यासाठी लेपाची पावडरच हवी, कारण गार चकतीवर दव धरतं. पावसाळ्यात ते जास्तच, तेव्हा काढताना चकती झिपच्या पिशवीतच ठेवून वरून बोटं टेकवा.

पहिल्यांदा घेणाऱ्याने निळसर-हिरवी, लेपाची, ५० ग्रॅम घ्यावी. पट्टीच्या पद्धतीने तेवढ्यात अंगठ्याएवढे तीसेक खडे सहज होतात.