मनाची नोंद ठेवणारं ॲप: पेरणीपासून तुरीपर्यंतचा अनुभव

मला तीन वर्षांपासून उदासीचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत, महिन्यातून एकदा यवतमाळला दाखवायला जाते. तिथं दर वेळी नऊ प्रश्नांचा कागद भरायचा असतो: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. मागच्या हिवाळ्यात माझे दर महिन्याला ११ नाहीतर १२. डॉक्टर म्हणायचे, ताई, स्थिर आहे. मीही मान हलवून घरी यायची.

जूनमध्ये भाच्यानं हे ॲप टाकून दिलं. दिवसातून पाचदा, कधीही फोन वाजतो आणि विचारतो: आत्ता मन कसं आहे, भीती वाटते का, काय करताय, जवळ कोण आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. मागचं आठवून सांगायचं नाही, त्या घडीचं सांगायचं. १९७० च्या दशकात अमेरिकेतले संशोधक लोकांना पेजर देऊन असंच विचारत, असं भाचा सांगत होता.

कापूस वेचताना मात्र हे जमत नाही. फोन ओटीत, ओटीवर कापूस, दोन्ही हात बोंडात. दसऱ्यानंतर माझ्या निम्म्या नोंदी हुकल्या. मराठीही पुस्तकी. ‘चिंताग्रस्त’ म्हणजे नेमकं काय, हे मला दोन आठवडे कळलं नाही. आम्ही म्हणतो जीव घाबरते, छातीत धडधड होते. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते, हे बरं आहे.

खरा उपयोग झाला नोव्हेंबरात. हरभऱ्याचं ओलित सुरू झालं. आमच्याकडे मोटरीला एक आठवडा दिवसा लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा रात्री. ॲपमधला मनाचा आलेख पाहिला तर एक आठवडा रेष वर, एक आठवडा खाली, परत वर, परत खाली. रात्रीच्या लाईनच्या आठवड्यात हे वावरात जातात आणि मी जागी असते. साप, ओली वायर, अंधारातली विहीर, सगळं डोळ्यासमोर येतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हातपाय गळालेले. आणि कागद दोन आठवड्यांचं एकत्र विचारतो! एक बरा आठवडा, एक वाईट, बेरीज तेवढीच. तीन वर्षं मी खरं सांगत होते, तरी खरं त्यात दिसत नव्हतं.

आलेख डॉक्टरांना दाखवला. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, रात्री यांच्यासोबत कोण जातं? आता पुतण्या सोबत जातो, आणि मोटर सुरू झाली की तो मला फोन करतो. रेष अजूनही खाली जाते, पण पहिल्याइतकी नाही.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. फोन घरात एकच. सूचना बंद पडद्यावरही दिसते. एकदा अभ्यास करताना मुलानं वाचलं आणि विचारलं, “आई, तू उदास आहे का?” त्याला मी तेव्हा काहीच सांगू शकले नाही. टाकल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरचा मजकूर लपवा.

आणखी एक. एका रात्री मी ‘जगू नये वाटतं’ यावर खूण केली. ॲपनं परदेशातला नंबर दाखवला. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीनं, १४४१६ लिहून दिला होता, तो लावला. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलले, घाई केली नाही. तो नंबर आता चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे.

सध्या तूर सोंगणं चालू आहे. पाचाच्या तीन वेळा करून घेतल्या: चहाच्या वेळी, दुपारच्या शिदोरीला, आणि रात्री हे वावरात निघाले की.