वर्ड २००३ मध्ये रंगीत फोटो: जमतं, पण फोटो आधी बारीक करा

श्री-लिपी या मराठी फॉन्टातल्या जुन्या फायलींसाठी विंडोज एक्सपी आणि ५१२ एमबी रॅमचं मशीन अजून ठेवलं असेल, तर त्यावर मजकुरापुरतं वर्ड २००३ झकास चालतं. रंगीत फोटो आले की मात्र त्याची दमछाक होते, आणि त्यात वर्डपेक्षा फोटोचा दोष जास्त असतो.

मोबाइलचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा जेपीजी डिस्कवर ३-४ एमबीचा दिसतो. पडद्यावर उलगडताना मात्र प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात, म्हणजे एका फोटोला सुमारे ३४ एमबी. असे पाच-सहा टाकले की स्क्रोल अडकतं आणि फोटोच्या जागी लाल फुली येते. पानावर ६ इंच रुंद फोटो २०० डीपीआयने (इंचाला २०० ठिपके) छापायला १२०० पिक्सेल पुरतात. इरफानव्ह्यू या फोटो पाहायच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-आर दाबा, रुंदी १२०० करा, वेगळ्या नावाने सेव्ह करा. तोच फोटो आता ३ एमबीत उलगडतो.

मग इन्सर्ट, पिक्चर, फ्रॉम फाइल. तिथल्या इन्सर्ट बटणाच्या बाणाखाली ‘लिंक टू फाइल’ आहे. त्याने डॉक (वर्डची फाइल) हलकी राहते खरी, पण पेनड्राइव्हवर फक्त डॉक नेलीत तर छपाईवाल्याकडे फोटो गायब. फोटोची नुसती पातळ पट्टी दिसली तर परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’वर असतं, ते ‘सिंगल’ करा. टाइप करताना फारच अडखळत असेल तर टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यूमध्ये ‘पिक्चर प्लेसहोल्डर्स’ला टिक करा. फोटोंऐवजी रिकामे चौकोन दिसतात. त्याच खिडकीत सेव्हखालचं ‘अलाउ फास्ट सेव्ह्ज’ काढून टाका, त्याने फाइल विनाकारण फुगते.

पिक्चर टूलबारवरचं ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ चांगलं, पण उशिराचं: मोठा फोटो आत येऊन मशीन अडल्यावर त्याचा नंबर लागतो. तरी त्यातली ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ची टिक सोडू नका. क्रॉप केलेला भाग नुसता झाकला जातो, फाइलमध्ये तो तसाच असतो. आधार कार्डाचा स्कॅन अर्धा कापून पाठवलात, तर समोरचा माणूस क्रॉप मागे ओढून पूर्ण नंबर वाचू शकतो!

सेव्ह करताना आरटीएफ या दुसऱ्या फाइल प्रकाराच्या वाटेला जाऊ नका. वर्ड त्यात फोटोची आणखी एक, न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) प्रत भरतं, तीही हेक्स अक्षरांत, म्हणजे दुप्पट जागेत. वरचा १२०० पिक्सेलचा फोटोच ६ एमबीच्या वर जातो. डॉकच ठेवा.

आयफोनचे एचईआयसी फोटो वर्ड २००३ घेत नाही, ते दुसरीकडे जेपीजी करून आणा. प्रेसकडून आलेला सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांतला) जेपीजी असेल तर रंग भलतेच दिसू शकतात. तो आधी आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, बदला. एक्सपी आणि ऑफिस २००३ दोघांचाही मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा हे मशीन नेटला न जोडलेलंच बरं. फोटो पेनड्राइव्हने आणा.